खडकाळीची होळी पाहिलेला चष्मा

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो, पण तुमच्या गुरुजींच्या नाकावर असतो तसा नाजूक, पातळ काचांचा नव्हे. माझी भिंगं पुढून फुगलेली आहेत, अळवाच्या पानावर थबकलेल्या थेंबासारखी. मला कोणी डोळ्यांवर चढवलं की समोरच्याला त्या माणसाचे डोळे बशीएवढे दिसतात. लहान मुलं तर आईच्या पदराआड लपतात. त्यात माझा काही दोष नाही. मला घडवलंच तसं होतं.

मुंबईतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे काचेच्या जाड चकत्या ओल्या वाळूने घाशीत, मग तांबडी पूड लावून त्यांना चकाकी आणीत. माझ्यासारखे पुष्कळ चष्मे तिथे एकदम तयार झाले. आमचा सगळ्यांचा नंबर एकच होता, कारण आमचं कामही एकच होतं. त्या काळी मोतीबिंदू झाला की डॉक्टर डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकीत. आत दुसरं भिंग बसवण्याची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. मग त्या भिंगाचं काम आम्ही बाहेरून, नाकावर बसून करायचं. कोणाच्या नाकावर जाणार, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

साल पासष्टच्या आगेमागे आम्हाला एका खोक्यात भरून पालघरला आणलं. तिथल्या एका शाळेत नेत्रशिबिर झालं होतं. शस्त्रक्रिया होऊन महिना-दीड महिना उलटला होता आणि बरे झालेले लोक चष्मे घ्यायला परत आले होते. वर्गातली बाकं बाजूला सारून सगळे ओळीने बसले होते. शाळेतले नरहरी गुरुजी आम्हाला एकेक करून फडक्याने पुसत आणि लोकांच्या डोळ्यांवर लावून बघत.

मी ज्या नाकावर बसलो ते नाक होतं गोदूबाईचं. समुद्रकाठच्या खडकाळी नावाच्या कोळ्यांच्या लहानशा वस्तीतली ही म्हातारी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यातला उजवा डोळा डॉक्टरांनी उघडला होता. डावा फार पिकून वाया गेलेला. त्यामुळे माझं डावं भिंग तिच्याकडे असताना नुसतंच शोभेला राहिलं. उजव्याने मात्र त्या क्षणी काम सुरू केलं.

"आजी, काय दिसतं?" गुरुजींनी विचारलं.

 तिच्यासमोर एक तरुण बाई उकिडवी बसली होती. गोदूबाईने हात पुढे करून तिचा गाल चाचपला, मग हात मागे घेतला आणि नुसतंच पाहत राहिली.

"तू शकू?"

"व्हय, आये."

"किती सुकलेली हायस गो."

शकू ही तिची सून. ती लग्न होऊन येण्याआधीच गोदूबाईची नजर गेली होती. सुनेचा चेहरा असा तिने कधी पाहिलाच नव्हता. शकूने खाली मान घातली आणि पदराने माझी काच पुसण्याचं निमित्त केलं. काच स्वच्छच होती.

आता थोडं मागचं सांगतो. हे मला पुढे त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं. खडकाळीच्या शेजारी, तारापूरच्या बाजूला, सरकार विजेचा मोठा कारखाना बांधत होतं. त्यासाठी ती वस्ती हलवायची ठरली होती. दुसरीकडे जागा नेमून दिली होती, आणि पावसाळा संपल्यावर एकेक घर उठू लागलं होतं. सगळ्या वस्तीत हे ठाऊक नव्हतं ते एकट्या गोदूबाईला. तिचा मुलगा एकनाथ याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की आयेला कळता कामा नये, ती हाय खाईल. सुरुंगाचे आवाज यायचे तेव्हा एकनाथ सांगायचा, रस्ता करतायत. शेजारचा कोंबडा आरवेनासा झाला तेव्हा तो म्हणाला, मुंगसाने नेला. आणि गोदूबाईची जन्माची मैत्रीण रंभाबाई घर उचलून गेली तेव्हा त्याने सांगितलं, लेकीच्या बाळंतपणाला माहीमला गेली आहे.

"मला सांगून गेली नाय," गोदूबाई म्हणायची, आणि दिवसभर जाळ्याच्या फाटक्या टोकाशी बोटं चाळवत ओटीवर बसायची.

शिबिराची बातमी आली ती अशा वेळी. शकू म्हणाली, आयेला नेऊ या. एकनाथ उखडला. "आता डोळे देऊन करायचं काय? मोडलेली घरं दाखवायची? तिला दिसत नाय तेच बरं हाय."

शकू फारशी बोलणारी नव्हती. पण ती दुसऱ्या दिवशी बैलगाडी ठरवून सासूला घेऊन निघाली. नवरा दर्यावर गेला होता, तो परत यायची वाटसुद्धा तिने पाहिली नाही. शस्त्रक्रियेनंतर घरी आणलं तेव्हा माझ्यावाचून गोदूबाईला नुसता धूसर उजेड दिसत होता.

चष्मा मिळाल्यावर परतीच्या वाटेवर गोदूबाई एखाद्या मुलीसारखी झाली होती. मी सगळं मोठं आणि जवळ आणून दाखवतो. त्यामुळे पायरी उंच वाटली म्हणून ती दोनदा अडखळली, आणि बोईसरला आगगाडीतून उतरताना खांब वाकडा दिसला म्हणून हसली. बैलगाडीत बसल्यावर तर तिचं तोंड थांबेना. ते ताड बघ. ते मिठागर बघ, किती पांढरं. बैलाचं शिंग रंगवलेलं हाय गो, मला कुणी सांगितलं नाय. मी नवा होतो, मला वाटलं, बघण्यात एवढाच आनंद असतो.

मिठागरं संपली तिथे शकूने गाडीवानाला थांबायला सांगितलं. गाडीवान उतरून बैलांना पाणी पाजायला घेऊन गेला.

"आये, घरी पोचायच्या आधी एक सांगायचं हाय."

"सांग."

"गाव हलतंय आपलं. सरकारने जागा घेतली. निम्मी घरं गेली. आपण शिमग्यानंतर जायचं."

 माझ्या काचेमागे गोदूबाईच्या पापण्या नुसत्या उघडमीट करत होत्या.

"आणि रंभी?"

"ती पण गेली. माहीमला नाय. नव्या जागी."

 बैल पाणी पीत होते तो आवाज येत होता.

"मग मला हे डोळे कशाला दिलेस? हे बघायला?"

"व्हय," शकू म्हणाली.  "सामान उचलून नेतात ना आये, तसं तुमाला न्यायचं ठरलेलं. गाडीत बसवायचं, आणि नव्या घरात उतरवून सांगायचं, की हेच घर. मला ते करवत नव्हतं. तुमी लगीन होऊन इथं आलात, तुमची पोरं इथं झाली. तुमी डोळ्यांनी बघून निघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

गोदूबाईने मला डोळ्यांवरून काढलं आणि मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता ती मला मिठागरात भिरकावून देणार. त्या घडीला मी रागही धरला नसता. पण थोड्या वेळाने तिने मला पुन्हा चढवलं, दांड्या कानांमागे नीट बसवल्या, आणि गाडीवानाला हाक मारली.

खडकाळीत आम्ही शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. घरांच्या जागी जोती उरली होती. कौलं उतरवून नेलेली, कुडाच्या भिंती वाकलेल्या. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या वलांड्या होत्या तिथे नुसते खड्डे होते. माझ्या भिंगाचा एक गुण असा, की जे समोर असेल ते अंगावर येतं. ती मोडलेली वस्ती गोदूबाईच्या अंगावर आली. मला मध्ये काही धरता येत नव्हतं. मी फक्त काच होतो.

एकनाथ दारात उभा होता. आईच्या डोळ्यांवर मला पाहून त्याचा चेहरा उतरला. तो शकूकडे बघून काही बोलणार, तोच गोदूबाई म्हणाली, "तिला बोलू नको. माझ्याकडं बघ. केस पिकले तुझे."

"आये, रागावलीस?"

"रागावले. पण आधी भात टाका. भूक लागलीय."

त्या घरात आणखी एक जण होतं. एकनाथची चार-पाच वर्षांची मुलगी सुलू. आजीने तिला जन्मल्यापासून मांडीवर घेतलं होतं, न्हाऊ घातलं होतं, पण पाहिलं आताच. आणि सुलू मला पाहून जी किंचाळली ती मडक्यांच्या उतरंडीमागे जाऊन बसली. दोन-तीन दिवस ती जवळ फिरकली नाही. गोदूबाईने तिला बोलावलं नाही की फसवून धरलं नाही. एका सकाळी सुलू आपणहून आली, माझ्या काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "आजी, आत मी हाय." मग भीती गेली.

त्या दिवसांत गोदूबाई रोज वस्तीभर फिरायची. माझी सवय होईपर्यंत तिला फार जपून चालावं लागे. डोळे फिरवले की कडेचं काही दिसायचं नाही, सगळी मान वळवावी लागायची. ती एकेका जोत्यासमोर उभी राहायची. हे महादूचं. इथं जमनाची चूल. इथं पहिल्यांदा मोटार बघायला सगळं गाव गोळा झालेलं. शकू तिच्या मागून चालायची. कधी कधी गोदूबाई एखाद्या रिकाम्या जोत्यावर बसून समुद्राकडे बघत राहायची. माझ्यातून समुद्र कडेला वर उचललेला दिसतो, परातीसारखा. ती म्हणायची, "दर्या असाच व्हता काय गो?" शकू म्हणायची, "तसाच हाय." दोघींचंही खरं होतं.

शिमगा जवळ आला तेव्हा एका संध्याकाळी गोदूबाईने जेवता जेवता सांगून टाकलं, "होळी इथंच लावायची."

एकनाथचा घास हातात राहिला. "आये, माणसं कुठं हायत होळीला? चार घरं उरली. बाकीचे गेले."

"गेले म्हणजे मेले नाय. होडी हाय ना तुझी?"

एकनाथ गेला. कोणी नव्या जागी होतं, कोणी किनाऱ्याच्या खालच्या गावांत नातलगांकडे. त्याने होडी नेली, पायी फिरला. सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. काही म्हणाले, निघालो ते निघालो, आता खपली कशाला काढायची. रंभाबाईने तर निरोपच पाठवला, की मी येणार नाय, गोदूला काय तोंड दाखवू.

गोदूबाईने निरोप ऐकला आणि म्हणाली, "तिला सांग, तू नको दाखवूस. मीच बघेन."

होळीच्या दिवशी दुपारपासून माणसं येऊ लागली. होडीतून, गाडीतून, डोक्यावर टोपल्या घेऊन पायी. मोडक्या वस्तीत बायकांनी तीन दगड मांडून चुली पेटवल्या. पुरुषांनी सावरीचं उंच झाड आणून होळीच्या मैदानात उभं केलं, त्याला हार आणि साडी गुंडाळली. आपापल्या जोत्यावर जाऊन लोक उगाच बसून येत होते. महादूने तर आपल्या जोत्याचा केर काढला.

दिवस बुडायच्या सुमाराला कारखान्याच्या बाजूने एक चौकीदार आला. उत्तरेकडचा माणूस होता. हातात काठी.

"ये आग किससे पूछकर जला रहे हो? उधर लकड़ी का ढेर पड़ा है."

पुरुषांचे आवाज चढायला लागले. एकनाथ पुढे झाला. पण त्याच्या आधी गोदूबाई काठी टेकत चौकीदारासमोर जाऊन उभी राहिली आणि मान वर करून त्याला न्याहाळू लागली. माझ्यामागचे तिचे मोठाले डोळे बघून तो माणूस एक पाऊल मागे सरला.

"ये हमारा गाव हाय," ती म्हणाली. "आज होळी. मंग हम जायेगा."

चौकीदाराने तिच्याकडे पाहिलं, मग त्या मोडक्या घरांकडे. "ढेर से दूर जलाना, अम्मा," तो म्हणाला. "हमारे गाँव में भी आज जल रही होगी." तो परत गेला नाही. लाकडांच्या ढिगाकडे पाठ करून, ठिणगी तिकडे जात नाही ना हे बघत, होळी विझत येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

होळी पेटली. माझ्या भिंगातून ज्वाळेभोवती रंगीत कडी दिसत होती. लोक नारळ टाकत होते, बोंबा मारत होते, पोरं नाचत होती. गोदूबाई एका खडकावर बसली होती. तिच्या डाव्या अंगाला कोणी येऊन उभं राहिलं ते ना तिला दिसलं, ना मला. मग तिने मान वळवली आणि काचेत एकदम एक चेहरा उगवला. सुरकुतलेला, रडून सुजलेला.

"गोदू," रंभाबाई म्हणाली.

"कवा आलीस?"

"मगाशी. तिकडं उभी व्हते." रंभाबाई खाली बसली. "त्या दिवशी पण आलेली मी, निघायच्या आधी. तू ओटीवर व्हतीस. मी खांबाला टेकून किती येळ उभी राह्यले. तोंडातून शब्द नाय फुटला."

"ठाव हाय."

"कसं?"

"तुझ्या बांगड्या मला कळत नाय व्हय? मला वाटलं, बोलशील. तू बोलली नायस, म्हणून मी पण नाय बोलले. मग तू गेलीस, आणि हे मला सांगतात, बाळंतपणाला गेली. तुझी लेक कवाच म्हातारी झाली."

रंभाबाई हसायला गेली आणि तिला हुंदका आला. म्हणजे मनात कुठेतरी गोदूबाईला काहीतरी कळलंच होतं. पण ज्यांनी लपवलं ते मायेने लपवतायत हेही तिला कळत होतं, म्हणून ती एवढे दिवस कोणाला विचारत नव्हती. एकनाथ मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. तो शकूजवळ जाऊन बसला.

दोघी म्हाताऱ्या विस्तवाकडे बघत होत्या. माझ्यावर आतून वाफ धरली होती. गोदूबाईने मला काढून रंभाबाईच्या हातात दिलं. रंभाबाईने मला आपल्या लुगड्याच्या सोग्याने पुसलं, आणि स्वतःच्या हाताने गोदूबाईच्या डोळ्यांवर पुन्हा बसवलं.

काही दिवसांनी त्यांचंही घर उतरवलं. कौलं काढताना एकनाथ म्हणाला, "आये, चष्मा काढून ठेव, धूळ उडतेय."

"असू दे," गोदूबाई म्हणाली. शेवटचं कौल खाली येईपर्यंत ती बघत होती.

नव्या जागी आम्ही काही वर्षं काढली. तिथून दर्या दिसत नव्हता, चालत जावं लागे. गोदूबाई जाई. माझी एक दांडी मोडली तेव्हा शकूने जाळ्याचा दोरा बांधून दिला, आणि तो दोरा लोखंडापेक्षा जास्त टिकला. आळीत माझं फार कौतुक होतं. त्या कारखान्याची वीज सुरू झाली त्या सुमाराला गोदूबाई गेली, झोपेत, कोणाला त्रास न देता. त्या रात्री मला काढायचं राहून गेलं होतं; रंभाबाईने येऊन मला तिच्या डोळ्यांवरून उतरवलं.

मग मला फळीवर ठेवलं. पहिले काही महिने शकू मला पुसायची. मग संसाराच्या रगाड्यात ते राहून गेलं. खारा वारा माझ्या खिळ्यांना लागला. एका कुंभारमाशीने माझ्या उजव्या भिंगावर मातीचं घर बांधलं. मित्रांनो, ज्या भिंगातून एका माणसाने सगळा गाव पाहिला, त्या भिंगाला पुढची भिंतही दिसेना. मी कोणाला दोष देत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूला हात लावायला घरच्यांना जड जातं, हे मला समजतं.

पण बऱ्याच वर्षांनी एका हिवाळ्यात पालघरला पुन्हा शिबिर भरल्याचं कानावर आलं. शकूने मला खाली काढलं. माती ओली करून नखाने खरवडली, राखेने नाही, मऊ फडक्याने पुसलं, आणि पदरात बांधून शाळेत नेऊन दिलं. नरहरी गुरुजी थकले होते, पण त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "अजून चांगला आहे."

आज मी मनोरच्या डोंगराकडच्या एका पाड्यात राहतो. माझी मालकीण बुधी नावाची वारली बाई आहे. तिचे दोन्ही डोळे उघडले आहेत, त्यामुळे माझं डावं भिंगही आयुष्यात पहिल्यांदा कामाला लागलं. मला चढवल्यावर तिने सगळ्यात आधी आपले हात पुढे धरून पाहिले. "हे एवढे म्हातारे कवा झाले?" असं म्हणाली आणि हसत सुटली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या फळीवर, खणात, असा एखादा चष्मा पडला असेल. त्याला पालथा टाकू नका, भिंगाला चरे पडतात. मऊ कापडाने पुसा, आणि गरजवंताला द्या. आणि एक मागणं आहे. कोणाला डोळे देताना, त्याला काय दिसेल याची भीती धरू नका. माणसं दिसतात त्यापेक्षा खंबीर असतात. मी पुष्कळ गोष्टी मोठ्या करून दाखवल्या आहेत, पण त्यांची हिंमत मुळातच मोठी होती.

बुधीने मला नाकाच्या शेंड्यावर ओढून घेतलं आहे. तसं केलं की जवळचं दिसतं, ही युक्ती तिची तिनेच शोधली. समोर सुपात नाचणी आहे, तिच्यात बारीक खडे आहेत. ती एकेक खडा वेचते आहे आणि मधूनच मान वर करून, अंगणात कोण आलं ते पाहते आहे.